भिंतीवर डिजिटल, आत अंधार!

अमडापूर परिसरातील एका शाळेच्या भिंतीवर ‘डिजिटल शाळा’ अशी ठळक अक्षरे रंगविलेली आहेत. आत गेलो तर संगणकावर जुनी चादर टाकलेली. गुरुजी म्हणाले, ‘वकीलसाहेब, बिल थकलं, लाईन कापली.’ शाळेचे नाव येथे मुद्दाम देत नाही. कारण दोष त्या गुरुजींचा नाही, शासनाच्या धोरणाचा आहे.

हे आजचे नाही. २००४ साली केंद्राने माध्यमिक शाळांसाठी माहिती तंत्रज्ञानाची योजना आणली. आपल्या राज्यात ती पाच वर्षांच्या कंत्राटावर चालली. मुदत संपली, कंत्राटदार गेला, कंत्राटी संगणक शिक्षक घरी बसला आणि यंत्रे धूळ खात पडली. २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आले. शाळा डिजिटल करा, पण लोकसहभागातून! म्हणजे ज्या गावात वर्गणी देणारे आहेत तेथे प्रोजेक्टर आला. दिवाळीनंतर ज्या वस्तीतील आईबाप ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर जातात, त्यांनी वर्गणी कशातून द्यायची? शिक्षण ही शासनाची घटनात्मक जबाबदारी आहे. ती गरिबाच्या खिशावर ढकलण्याला लोकसहभाग म्हणत नाहीत.

२०१६ पासून नीती आयोगाच्या ‘अटल टिंकरिंग लॅब’ सुरू झाल्या. एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. पण निवडीसाठी जागा, वीज, संगणक, इंटरनेट आधीच असले पाहिजे. म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळणार. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत पन्नास हजार प्रयोगशाळा आणि सरकारी माध्यमिक शाळांना ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. सरकारी शाळांचे नाव घेतले, त्याचे स्वागत. परंतु चौथीपर्यंतची वस्तीवरची शाळा या दोन्ही घोषणांत बसत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता शिकविण्याचे जाहीर झाले. तिसरीतले मूल नेमके याच शाळेत बसते. ते कशावर शिकणार?

आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडला आणि २०२० चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळविला. ते काम यंत्राने केले नाही, वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाने केले. आणि शासन काय करते? सप्टेंबर २०२३ मध्ये वीस आणि त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागविते. एका हाताने टॅब द्यायचा आणि दुसऱ्या हाताने शाळाच उचलून न्यायची, हे कसले नवोपक्रम?

बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात हिशेब मांडला होता, की प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. किती मुले दाखल झाली एवढेच न पाहता किती टिकली, हे त्यांनी विचारले. आज तोच प्रश्न संगणकाबाबत विचारला पाहिजे. किती वाटले ते सांगू नका, किती चालू आहेत ते सांगा!

आता कायद्याचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत वर्गखोली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, ग्रंथालय, मैदान आहे. वीज आणि संगणक त्यात नाहीत. ही उणीव दुरुस्त झालीच पाहिजे. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नसला तरी आपल्या लढ्याला आधार देणारा आहे.

पण दुरुस्तीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. याच कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित व दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. कलम २२ नुसार हीच समिती शाळा विकास आराखडा तयार करते आणि शासनाच्या अनुदानाचे नियोजन त्या आराखड्याच्या आधारे करायचे असते. प्रत्यक्षात कित्येक पालकांना आपण समितीत आहोत हेच ठाऊक नसते. सही मागितली की सही करून ते मोकळे होतात.

म्हणून समाजबांधवांनो आणि भगिनींनो, समितीच्या पुढच्या बैठकीला रोजी बुडाली तरी जा. कोऱ्या कागदावर सही करू नका. आराखड्यात वीजबिल, इंटरनेट, दुरुस्तीचा खर्च आणि शिक्षकाचे रिक्त पद लिहायला लावा. त्याची प्रत मागा. दिली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अर्ज लिहून द्यायला आमच्यासारखे वकील गावोगावी आहेत, त्यांना हक्काने बोलवा. भिंतीवरची अक्षरे पाहून समाधान मानणारी पिढी मागे पडते. आत जाऊन बटण दाबून पाहणारी पिढी आपल्याला घडवायची आहे.