'पाणी' म्हटलं की सूर्यास्तच का?



मोबाईलवर फोटो-चॅलेंज येतं, विषय असतो 'पाणी'. आपली पोरं मुक्ताईनगरहून गाडी काढून चांगदेव गाठतात, तापी-पूर्णेच्या संगमावर सूर्य मावळायची वाट पाहतात आणि हतनूरच्या फुगवट्यावरचे पक्षी टिपून मोकळी होतात. फोटो देखणाच येतो. पण तसाच फोटो बाकीचेही पाठवतात.

काही जुने कार्यकर्ते म्हणतात, हे रिकामटेकड्यांचे छंद, चळवळीच्या पोरांनी यात पडू नये. मला ते पटत नाही. आयोजक फक्त एक शब्द देतो, त्याचा अर्थ लावायचा अधिकार आपलाच असतो. 'पाणी' म्हटल्यावर ज्या समाजाला 20 मार्च 1927 चं चवदार तळं आठवतं, त्याने सूर्यास्तावर का थांबावं? वस्तीतल्या नळावर कोण आधी भरतं, कोणाचा हंडा शेवटी लागतो, तेही पाणीच आहे. उद्या 'सावली' हा विषय आला तर? ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांचे वारस झाडाखालची नक्षी पाठवणार का?

आपण फोटो काढला नाही तर दुसरा काढतोच. 'श्रम' म्हटलं की केळीच्या बागेत घड वाहणारा मजूर हमखास दिसतो. खाली नाव असतं ते फोटो काढणाऱ्याचं. मजुराचं नाव नाही, रोज किती मिळतो तेही नाही.

1942 साली वॉशिंग्टनमध्ये गॉर्डन पार्क्स या काळ्या छायाचित्रकाराने सरकारी इमारतीत झाडलोट करणाऱ्या बाईला अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभं केलं, हातात झाडू. आज जग तिला एला वॉटसन या नावाने ओळखतं. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं. त्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या कामाकडे शहर बघतही नव्हतं, ते त्यांनी समोर मांडलं.

अर्थात कॅमेरा आपल्या हातात आला म्हणून आपण आपोआप न्यायी होत नाही. मी स्वतः एकदा वस्तीतल्या एका मावशीचा नळावरचा फोटो न विचारता काढून पाठवला होता. तिने कुणाच्या तरी मोबाईलवर तो पाहिला आणि मला म्हणाली, "बाळा, निदान पदर तरी सारखा करू द्यायचा होता." मी फोटो मागे घेतला. आता आधी विचारतो, फोटो दाखवतो आणि तिची हरकत नसेल तरच नाव लिहितो.

आणखी एक, नियम वाचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतःहून काढलेल्या फोटोचा पहिला मालक सहसा काढणाराच असतो. पण प्रवेशिकेच्या अटींमध्ये 'आयोजक हा फोटो कुठेही, विनामोबदला वापरू शकतील' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असू शकतं. नळावरच्या मावशीचा चेहरा उद्या कुणाच्या जाहिरातीत दिसणार असेल, तर तिथे फोटो पाठवूच नका. संगमावरचा सूर्यास्त खुशाल पाठवा.