मेरिटचा बाप कोण?

दोस्तहो, ‘लायकी असेल तर वर या, जात कोण विचारतंय?’ हे सुभाषित तुम्ही हापिसात ऐकलंय, कॉलेजच्या कँटीनमध्ये ऐकलंय. या मेरिटची कुंडली एकदा मांडूच. तिचं एक पान अमेरिकेत आहे.

नॉर्थ कॅरोलिनातलं ड्यूक पॉवर कंपनीचं डॅन रिव्हर वीजकेंद्र. 95 कामगार, त्यात 14 काळे. खाती पाच, काळे सगळे एकाच खात्यात, लेबरमध्ये. झाडा, पुसा, घाण काढा. या खात्यातला सगळ्यात मोठा पगार बाकी चार खात्यांतल्या सगळ्यात छोट्या पगाराहून कमी!

1964 साली नागरी हक्कांचा कायदा झाला. नोकरीतल्या वंशभेदाला बंदी. 2 जुलै 1965 ला ती लागू झाली आणि नेमक्या त्याच दिवशी कंपनीला मेरिट आठवलं. चांगल्या खात्यात नव्यानं लागायचंय? हायस्कूलचं सर्टिफिकेट होतंच, आता वर दोन चाचण्या. लेबरमधून वर चढायचंय? सर्टिफिकेट दाखव. 1960 च्या जनगणनेत तिथले गोरे पुरुष 34 टक्के हायस्कूल पास, काळे 12. शाळा यांनीच वेगळ्या ठेवल्या, सर्टिफिकेटही हेच मागणार! आणि आधी लागलेले बिनसर्टिफिकेटी गोरे? ते जागच्या जागी, काम झकास चालू. म्हणजे कागद कामाला लागत नव्हता. काळ्याला अडवायला लागत होता.

14 पैकी 13 जण कोर्टात गेले. विली ग्रिग्जच्या नावानं खटला गाजला. 8 मार्च 1971 ला सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं: अट कामाशी संबंधित नसेल आणि काळ्यांना बाहेर ठेवत असेल, तर ती बेकायदा. मालकाची दानत चांगली होती, ही सबब चालणार नाही.

आता आपलं घर बघा. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार जास्त, म्हणून तिथं अस्पृश्याला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणजे विटाळ! आमच्या वाट्याला रिंगखातं. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना याचाच जाब विचारला. मालकाविरुद्ध मुठी आवळणाऱ्यांनाही आमची थुंकी बाटवत होती.

आता ‘विटाळ’ म्हणायची लाज वाटते, म्हणून ‘मेरिट’ म्हणतात. थोरात आणि अ‍ॅटवेल यांनी 2007 साली छापलेला अभ्यास वाचा. खाजगी कंपन्यांना धाडलेले अर्ज, पदव्या सारख्या, फक्त आडनावं वेगळी. दलित आडनावाला बोलावणी कमी. कुठं गेलं मेरिट? गटारात उतरवताना मात्र कुणी मेरिट लिस्ट लावत नाही. तिथं आमचा नंबर पहिला.

तेव्हा पोरांनो, ‘लायकी काय?’ असं कुणी विचारलं की मान खाली घालू नका. उलटा सवाल टाका: तुझी अट कामाला लागते, की आम्हाला बाहेर ठेवायला? सिद्ध करायचं काम तुझं!