पायवाट एक, हुकूम तीन. भार मात्र गावावर

परंदवडी (ता. मावळ) : १५ जून २०२५ चा रविवार मावळातलं कोणी विसरलेलं नाही. कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीनं कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं आधीपासून होता. फलक होता, अडवायला माणूस नव्हता. परंदवडीपासून ही जागा काही फार लांब नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, ३० जून २०२४ ला, लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर लगेच जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश निघाला. आधी दुर्घटना, मग बंदी, असा हा क्रम झालाय. बंदी नको असं गावात कोणीच म्हणत नाही. प्रश्न आहे तो नेमकं काय बंद, कधीपर्यंत बंद आणि ते चालणाऱ्याला कोण सांगणार याचा.

एका वाटेवर तीन खाती

लोणावळा ते भीमाशंकर ही दोन-तीन दिवसांची पायवाट ट्रेकर मंडळींत प्रसिद्ध आहे. जांभवली, कुसूर, खांडी, सावळे, माळेगाव अशी मावळातली गावं धरत ती पुढं खेड तालुक्याच्या हद्दीत जाते. धबधबे, धरणाचा काठ, कडे यांवरची पावसाळी बंदी जिल्हाधिकाऱ्यांची. मधलं राखीव जंगल प्रादेशिक वन विभागाचं. शेवटचा टप्पा भीमाशंकर अभयारण्याचा, म्हणजे वन्यजीव विभागाचा. चालणाऱ्याला वाट एकच दिसते, पण हुकूम तीन ठिकाणांहून निघतात.

कायदेही वेगळे आहेत. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. जुनं कलम १४४ म्हणजेच हे. असा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. पुढं वाढवायचा तर राज्य सरकारला वाढवावा लागतो. म्हणून दर पावसाळ्यात नवा आदेश, नवी यादी. मागच्या वर्षीचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज यंदा फिरला की गोंधळ तिथंच सुरू होतो.

अभयारण्याचं तसं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथं परवानगीशिवाय शिरताच येत नाही, मग पावसाळा असो की उन्हाळा. भीमाशंकर १९८५ मध्ये अभयारण्य झालं, ते शेकरूसाठी. शेकरू झाडाच्या शेंड्यात घरटं करतो आणि फांदीवरून फांदीवर जातो. खाली रात्रभर स्पीकर वाजला, टॉर्च मारले, तर त्याला त्रास होणारच. पावसात तिथले धबधबे बंद ठेवण्यामागं माणसाचा जीव हे कारण आहेच, पण जंगलाला चार महिने उसंत मिळते हेही आहे.

बिबट्या, कुत्री आणि उरलेलं अन्न

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबुत भागात बिबट्याच्या हल्ल्यात तीन जण गेले आणि सगळा जिल्हा हादरला. तो उसाचा पट्टा. मावळात भात आणि डोंगर, इथला बिबट्या वेगळ्या परिस्थितीत राहतो. पण एक गोष्ट इथंही लागू आहे. सोमाटणे फाट्यावरून परंदवडी, बेबडओहळकडे जाणारा रस्ता पुढं पवन मावळात शिरतो. धरणाकाठी तंबू लागतात. उरलेली बिर्याणी, हाडं तिथंच टाकली की भटकी कुत्री जमतात. कुत्री जमली की मागं बिबट्या येतो. शहरातला पाहुणा सोमवारी ऑफिसला, आणि गोठ्यातलं वासरू मात्र गावाचं.

गडांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. धूर, आरडाओरड, उग्र अत्तर यानं माश्या उठतात, आणि कड्यावर पळायला जागा नसते.

गावाचं काय?

रात्री कोणी वाट चुकला की आधी फोन येतो तो गावातल्या पोरांना. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र संस्था पोचेपर्यंत दोर, बॅटरी घेऊन निघतात ती हीच पोरं. दुसरीकडं सरसकट बंदी आली की भजी-कणसाची टपरी, घरगुती जेवण, वाटाड्याची मजुरी एका दिवसात बंद. वर्षाची कमाई ज्या दोन-तीन महिन्यांत व्हायची, तेच महिने जातात.

उपाय फार खर्चाचा नाही. तिन्ही खात्यांनी आदेश काढला की त्याची मराठी प्रत त्याच दिवशी वाटेवरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला द्यावी. त्यात तारीख, जागेचं नाव आणि मुदत स्पष्ट असावी. ग्रामपंचायतीनं ती शुक्रवारच्या आत फाट्यावर लावावी. संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या पोरांना मानधन देऊन शनिवार-रविवार नाक्यावर उभं करावं, नाव-नंबर लिहून घ्यावेत, स्थानिक वाटाड्या सक्तीचा करावा. जिथं खरा धोका तिथं पूर्ण बंद, बाकी वाट मोजक्या माणसांना चालू, असा फरक गावालाच नीट करता येतो. ग्रामसभेत हा विषय पाऊस लागायच्या आधी घेतला तरच उपयोग.

तोवर चालणाऱ्यांनी आणि गावकऱ्यांनीही दोन नंबर लक्षात ठेवावेत : वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आणि तातडीसाठी ११२. कुंडमळ्यानं एक शिकवलंय. नुसता फलक कोणाला वाचवत नाही, फलकापाशी माणूस लागतो.