बाराचे सतरा

पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांतील शाळांत आमची नोकरी गेली. आमचा विषय मराठी. गणिताचा तास वाट्यास येई तो कोणी रजेवर असले म्हणजे. अशाच एका चाचणीत आम्ही विचारले, ‘बारा इंच भुजेच्या चौरसाचा कर्ण किती?’ एका सुताराच्या मुलाने नुसते ‘सतरा’ लिहिले. आम्हांस १६.९७ हवे होते. आम्ही लाल रेघ ओढली. मुलगा भीतभीत म्हणाला, ‘सर, गुण्या जवळ नसला की बाबा चौकट अशीच बघतात. दोन्हीकडे बारावर खूण, तिरपे सतरा.’ आम्ही त्यास खाली बसविले.

रात्री मात्र झोप येईना. सतराचा वर्ग २८९. बाराच्या वर्गाची दुप्पट २८८. अंतर अवघ्या एकाचे!

दोनच्या वर्गमुळातून एक वजा केल्यास जी राशी उरते, ती म्हणजे एक भागिले ‘दोन अधिक तीच राशी’. ती स्वतःच्याच पोटी पुन्हा येते, म्हणून हा अपूर्णांक संपत नाही. गणिती यास वितत अपूर्णांक म्हणतात. जेथे थांबावे, तेथे एक जवळचे उत्तर मिळते: ३/२, ७/५, १७/१२, ४१/२९, ९९/७०. छेद पाहावेत: २, ५, १२, २९, ७०. शेवटच्याची दुप्पट करून तीत आधीचा मिळवावा, की पुढला हाती येतो. याच ओळीतील ५७७/४०८ ही किंमत शुल्बसूत्रकारांनी वेदीरचनेसाठी दिली आहे.

वाचकहो, याच जातीचा प्रश्न भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास चक्रवाल रीतीने सोडविला. कोणत्या वर्गास ६१ ने गुणून एक मिळविल्यास पुन्हा वर्गच येतो? सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० चा वर्ग! फर्माने हाच प्रश्न युरोपात घातला तो १६५७ साली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापन झाल्याचे १२०७ चा शिलालेख सांगतो. लेख संस्कृत, पण त्याच्या अखेरच्या ओळी आपल्या मराठीत आहेत.

असो. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गासमोर चूक कबूल केली, गुण दिले आणि त्या मुलास फळ्याजवळ बोलाविले. ‘सतरा’च्या आधी ‘जवळजवळ’ हा शब्द मात्र त्याच्याकडून लिहवून घेतला. त्याने तो लिहिला आणि विचारले, ‘सर, मग बाबांना किती गुण?’