मारतो का, एवढंच विचारलं

माझी भाची अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात असते. दर रविवारी तिचा फोन येतो. एरवी आमच्या गप्पा म्हणजे लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण, तिकडची थंडी आणि इकडची लाईट. मे २०२४ मधल्या एका रविवारी मात्र फोन उचलल्या उचलल्या ती म्हणाली, "मावशी, इथं एका पास्टरची बायको गेली. तिचं नाव मायका होतं गं. हिंदीत माहेराला म्हणतात ना, अगदी तसंच."

मायका मिलर. वय तीस. शेजारच्या साऊथ कॅरोलिनात मर्टल बीच नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, तिथल्या सॉलिड रॉक चर्चचा धर्मोपदेशक जॉन-पॉल मिलर हा तिचा नवरा. ती स्वतःही त्याच चर्चमध्ये भजनं म्हणायची. २७ एप्रिल २०२४ रोजी, राज्याच्या सीमेपलीकडे लंबर नदीकाठच्या एका उद्यानात तिचा मृत्यू झाला. घटस्फोटाच्या दिशेनं तिनं पाऊल उचललं होतं. कोर्टाचे कागद नवऱ्याच्या हातात पडून दोनच दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नवरा नेहमीसारखा व्यासपीठावर उभा राहिला, प्रवचन दिलं, आणि सगळं आटोपल्यावर शेवटी मंडळींना सांगितलं, की काल रात्री माझी बायको गेली, तिनं स्वतःच करून घेतलं. हे चित्रण जगभर पाहिलं गेलं. भाचीनं मलाही पाठवलं. मी ते दोनदा पाहिलं आणि मोबाईल उलटा ठेवून दिला. दुःखात माणूस कसा वागेल हे बाहेरच्यानं ठरवू नये, हे मलाही कळतं. पण आधी प्रवचन आणि मग बायको, हा क्रम काही मनातून जाईना.

स्थानिक पोलिसांनी तपास पुरा केला. ही आत्महत्याच, असा निष्कर्ष निघाला. त्या दिवशी नवरा त्या उद्यानात नव्हता, दुसऱ्याच गावी होता, हेही तपासात दिसलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा बातमीत आपण फार लवकर न्यायाधीश होतो. तिच्या माहेरच्यांना मात्र ते पटलं नाही. बहिणीनं शपथेवर सांगितलं, की मायकाला जिवाची भीती वाटत होती.

पण समजा, आत्महत्याच. मग विषय संपला का? आपल्याकडे तरी तो तिथंच संपतो. 'तिनं स्वतःच केलं' म्हटलं की शेजारी सुटले, नातेवाईक सुटले, पोलीसही सुटले. उरलं फक्त तेराव्याचं जेवण.

तिथं तो संपला नाही. मायकानं मरण्याआधी काही गोष्टी कागदावर आणल्या होत्या. गाडीला कुणीतरी ट्रॅकर लावला आहे, चाकांचं नुकसान केलं आहे, अशा तक्रारी तिनं पोलिसांकडे केल्या होत्या. कोर्टात अर्ज होते. फोनमध्ये निरोप होते. एफबीआयनं, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपासयंत्रणेनं, नोव्हेंबर २०२४ मध्ये नवऱ्याच्या घराची झडती घेतली. आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्यावर दोन आरोप ठेवले गेले. एक, इंटरनेट आणि फोनच्या साधनांनी बायकोचा पाठलाग करून तिला छळल्याचा. दुसरा, तपास अधिकाऱ्यांना खोटं सांगितल्याचा. तिचं विवस्त्र छायाचित्र तिच्या संमतीशिवाय इंटरनेटवर टाकलं, गाडीवर ट्रॅकर लावले, तिच्या पैशांच्या व्यवहारात अडथळे आणले, एका दिवसात पन्नासपेक्षा जास्त वेळा तिच्याशी संपर्क साधला, असं त्या आरोपपत्रात म्हटलं आहे. तिच्या मृत्यूचा आरोप त्यात नाही. आणि आरोपपत्र म्हणजे निकाल नव्हे. त्यानं स्वतः छळाचे आरोप नाकारले आहेत.

पण मला थांबायला लावलं ते 'पन्नास' या आकड्यानं. एका दिवसात पन्नास. कुणीतरी बसून मोजलं ना हे! मेलेल्या बाईला दिवसात किती वेळा गाठलं गेलं, हे सरकारनं मोजलं आणि कोर्टापुढे ठेवलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचं कारण अमेरिकेतलं नाही, आमच्या गावातलं आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही सात-आठ जणी मिळून आठवड्यातून दोन दिवस बायकांसाठी समुपदेशन केंद्र चालवतो. समाजमंदिराची एक खोली, दोन बाकं, एक रजिस्टर. काही वर्षांपूर्वी एका मंगळवारी एक बाई आली. पस्तिशीची असेल. हातात दुधाची पिशवी, म्हणजे दूध आणायला म्हणून घरातून निघालेली. तिचा नवरा प्रवचनकार. गावोगावची बोलावणी, चातुर्मासात तर घरी पाय ठरायचा नाही. लोक रस्त्यात वाकून नमस्कार करायचे. मी स्वतः वारकरी घरातली, मीही केलेला आहे.

आम्ही नेहमीचे प्रश्न विचारले. मारतो का? नाही. दारू? छे, माळकरी आहेत ते. बाहेर काही? नाही. माहेरून पैसे आण म्हणतो? नाही.

आमचे प्रश्न संपले.

मग ती आपणहून बोलली. बाजारात गेले की दहा-पंधरा फोन येतात. कुठल्या दुकानात आहेस, तिथला आवाज ऐकव. भाजीचे पैसे मोजून मिळतात आणि उरलेले मोजून परत घेतात. रात्री मोबाईल तपासतात. सभेत मला शेजारी बसवून 'ही माझी लक्ष्मी' म्हणतात आणि घरी आल्यावर आठ-आठ दिवस एक शब्द बोलत नाहीत. आणि हल्ली भक्तमंडळींना सांगायला लागले आहेत, की हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, औषध चालू आहे. "कसलंही औषध नाही हो चालू, ताई," असं ती दोनदा म्हणाली.

आम्ही तिला चहा दिला. आमच्यातली एक जण तिला म्हणाली, "अगं, एवढा देवमाणूस नवरा, जरा सांभाळून घे." ती एक जण म्हणजे मी. बाई हसली, दुधाची पिशवी उचलली आणि गेली.

चार महिन्यांनी शेतातल्या विहिरीत तिचं प्रेत मिळालं. पाय घसरला म्हणून घरच्यांनी सांगितलं. पोलिसांत 'एडी' झाली, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. तिचा भाऊ आमच्याकडे आला. ती तुमच्याकडे आली होती ना, मग काहीतरी लिहिलं असेल, ते द्या, म्हणाला. रजिस्टर काढलं. तारीख, नाव आणि पुढे चार शब्द : 'किरकोळ वाद. समज दिली.' अक्षर माझंच.

समज दिली. कुणाला? तिलाच की.

त्यानं तिला ढकललं असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. पाय घसरलाही असेल. पण ते शोधायला कुणाकडे काही असायला हवं होतं, आणि ते असण्याची एकमेव जागा आमचं रजिस्टर होती.

धर्माच्या गादीवर बसलेल्या माणसाच्या बायकोची गोष्ट जरा वेगळी असते, हे तिकडच्या बातम्या वाचताना जाणवत राहिलं. दारुड्याच्या बायकोवर गल्ली विश्वास ठेवते, तिच्या मदतीला चार जणी धावतात. इथं तिनं तोंड उघडलं तर ते नवऱ्याविरुद्ध नाही, देवाविरुद्ध बोलल्यासारखं होतं. तिचे शेजारी त्याचे भक्त, तिच्या मैत्रिणी भक्तांच्या बायका. घर सोडायचं तर देऊळही सोडावं लागतं. मायका ज्या चर्चमध्ये गायची, तिथला माईक नवऱ्याच्या हातात होता. ती गेल्यावर तिच्या मानसिक आजाराची चर्चा झाली, नवऱ्यानंही ती केली. आजार असेलही. आजारी बाईला कुणी छळू शकत नाही असं थोडंच आहे? उलट तिला छळणं सोपं, कारण पुढे ती काहीही बोलली तरी आजारच बोलतो म्हणता येतं.

आता कायद्याचं. तिकडे नवरा-बायकोच्या नात्यातला असा धाक आणि पाळत हाच गुन्हा ठरावा, म्हणून साऊथ कॅरोलिनात मायकाच्या नावानं ओळखलं जाणारं विधेयक मांडलं गेलं. इंग्लंडनं असा कायदा २०१५ मध्ये केला, स्कॉटलंडनं २०१८ मध्ये. आपण या बाबतीत मागे आहोत असं वाटेल. मुळीच नाही! आपलं ४९८-अ कलम १९८३ सालचं. जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या क्रमांकांनी आहे. क्रूरता म्हणजे काय, तर बाईला आत्महत्येकडे लोटेल किंवा तिच्या जिवाला, शरीराच्या अथवा मनाच्या आरोग्याला गंभीर अपाय करेल असं जाणूनबुजून केलेलं वागणं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मनाच्या, हा शब्द कायद्यात आहे बरं का. हुंड्याची मागणी हा त्याचा दुसरा भाग. पहिल्या भागाला हुंडा लागत नाही. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, जो ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, तो तर टोमणे, अपमान, पैसे अडवून धरणं यांनाही हिंसाच म्हणतो.

एक गैरसमज मात्र केंद्रात नेहमी ऐकू येतो, की लग्नाला सात वर्षं झाली की कायदा संपला. असं नाही. सात वर्षांच्या आत विवाहितेनं आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला तर दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी होते. आत्महत्या असेल आणि आधी छळ झाल्याचं सिद्ध झालं, तर नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी तिला प्रवृत्त केलं असं कोर्ट गृहीत धरू शकतं. सात वर्षांनंतर हे गृहीत धरणं नाही, पण गुन्हा हा गुन्हाच राहतो. फक्त तो पुराव्यानं सिद्ध करावा लागतो. आमच्याकडे आलेल्या त्या बाईच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. म्हणजे जिला कागदाची सगळ्यात जास्त गरज, तिच्याच नावावर आम्ही चार शब्द लिहिले.

माझ्या आईच्या पिढीला पुण्याची मंजुश्री सारडा आठवत असेल. जून १९८२ मध्ये, लग्नाला काही महिनेच झालेले असताना ती गेली. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं खटल्यात महत्त्वाची ठरली. खालच्या कोर्टानं नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं ती कायम केली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. निकालावर बायकांच्या संघटना रस्त्यावर आल्या होत्या. पण त्याच निकालात एक गोष्ट पक्की झाली. मरण्याआधी बाईनं आपल्या परिस्थितीविषयी लिहिलेलं, बोललेलं, तिच्या मृत्यूशी त्याचा जवळचा संबंध असेल तर पुरावा म्हणून कोर्ट वाचू शकतं. आता अंतर्देशीय पत्रं गेली, व्हॉट्सअ‍ॅप आलं. बहिणीला पाठवलेला निरोपही एका अर्थी पत्रच. माहेरच्यांनो, तो पुसू नका. 'ती जरा हळवी आहे' म्हणून तर नकोच नको.

तक्रार करायची नसली तरी नोंद करता येते, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल भरून घेता येतो. कचेरीत त्याला नुसतं डीआयआर म्हणतात. त्यानं लगेच कुणाला अटक होत नाही, संसार मोडत नाही. पण तारीख पडते, सही पडते, एक प्रत दंडाधिकाऱ्यांकडे जाते. १८१ हा बायकांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे. आणि जगणं नकोसं वाटेल त्या दिवशी १४४१६ फिरवा. टेली-मानसचा हा फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही कुणीतरी उचलतं. नाव सांगावं लागत नाही.

आमच्या केंद्रात आता प्रश्न बदलले आहेत. 'मारतो का' हा आता पहिला नसतो. कालचा दिवस सकाळपासून सांग, असं आम्ही म्हणतो आणि ती बोलेल तसं, तिच्याच शब्दांत लिहून घेतो. वेळ लागतो. एकेका बाईला दोन-दोन तास. आमच्यातल्या दोघी कंटाळून गेल्या, त्यांना मी दोष देत नाही.

गेल्या शुक्रवारी एक मुलगी आली, लग्नाला दीड वर्ष. नवऱ्याचं गावात मोठं नाव. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, "तसं काही सांगण्यासारखं नाहीये, काकू. मारत वगैरे नाहीत." मी रजिस्टर पुढे ओढलं, तारीख घातली आणि काल तिला किती फोन आले ते विचारलं. ती मोबाईल काढून मोजायला लागली.