चुकला, चुकवला, चुकवायला लावला

'कथानक थोडक्यात सांगा' हा साहित्याच्या प्रश्नपत्रिकेतला सर्वांत निरुपद्रवी प्रश्न मानला जातो. विद्यार्थ्याने मूळ कृती वाचली आहे की नाही, एवढे तपासण्यापुरता तो विचारायचा, दोनचार गुण सढळ हाताने द्यायचे आणि मग 'व्यक्तिरेखा', 'वातावरणनिर्मिती', 'आशयसूत्र' अशा भारदस्त प्रश्नांकडे वळायचे, असा आपला रिवाज आहे. समीक्षेतही कथासाराला मान नाही. एखाद्या परीक्षणाविषयी 'हे तर नुसते कथासार झाले' असे कोणी म्हटले की त्या परीक्षणाचा निकाल लागला असे आपण समजतो. आम्हाला मात्र असे वाटते की कथासार ही समीक्षेची पहिली आणि बहुधा सर्वांत जोखमीची कृती आहे. अर्थनिर्णयनाचा निम्माअधिक भाग तिथेच, कोणाच्या फारसा लक्षात न येता, उरकला जातो.

हे म्हणणे एखाद्या मान्यवर कादंबरीच्या आधारे मांडता आले असते. पण मान्यवर कृतीच्या बाबतीत तिचे रूढ झालेले कथासारच आपल्या डोक्यात आधीपासून ठाण मांडून बसलेले असते. म्हणून आम्ही मुद्दाम एक हलकीफुलकी समजली जाणारी अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका निवडली आहे. 'ग्ली' ही फॉक्स वाहिनीवरची संगीतिकावजा विनोदी मालिका २००९ ते २०१५ या काळात चालली. तिचे सहा हंगाम आणि १२१ भाग झाले. रायन मर्फी, ब्रॅड फॅल्चक आणि इयन ब्रेनन हे तिचे तीन निर्माते-लेखक. ओहायो राज्यातल्या लायमा गावातली विल्यम मॅकिन्ली ही काल्पनिक शाळा, तिथला स्पॅनिशचा शिक्षक विल शूस्टर, आणि त्याने पुन्हा उभा केलेला समूहगायनाचा क्लब ही तिची चौकट. शाळेच्या उतरंडीत सर्वांत खाली असलेली मुले या क्लबात येतात. अमेरिकेत अशा मालिकांचा प्रत्येक भाग प्रक्षेपित झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याचे सविस्तर कथन छापण्याची प्रथा रुजलेली आहे. त्याला तिकडे रिकॅप म्हणतात. आपण त्याला पुनर्कथन म्हणू.

पहिल्या हंगामातला 'व्हील्स' हा नववा भाग ११ नोव्हेंबर २००९ रोजी प्रक्षेपित झाला. लेखन मर्फी यांचे, दिग्दर्शन पॅरिस बार्कले यांचे. या भागात तीन कथासूत्रे आहेत. स्पर्धेला जाताना व्हीलचेअर वापरणाऱ्या आर्टीला घेऊन जाऊ शकेल अशी बस हवी आहे आणि शाळेकडे तिच्यासाठी पैसे नाहीत, हे पहिले. चीअरलीडर संघाची कजाग प्रशिक्षिका सू सिल्व्हेस्टर हिने डाउन सिंड्रोम असलेल्या बेकी या मुलीला संघात घेतले, हे दुसरे. आणि 'विकेड' या २००३च्या ब्रॉडवे संगीतिकेतले 'डिफायिंग ग्रॅव्हिटी' हे गाणे कोणी गायचे यावरून रेचल आणि कर्ट यांच्यात लागलेली चुरस, हे तिसरे.

आधी तिसरे सूत्र घेऊ. हे गाणे मुळात स्त्रीपात्राचे आहे. म्हणून विल ते सहजच रेचलला देऊन टाकतो. कर्ट हा समलिंगी मुलगा. त्याचा आवाज उंच, आणि गाण्याच्या शेवटाकडे येणारा उंच सूर, पाश्चात्त्य परिभाषेतला 'हाय एफ', आपल्याला लागतो हे त्याला ठाऊक आहे. त्याचे वडील बर्ट मोटारदुरुस्तीची गॅरेज चालवतात. गाण्यातले त्यांना काही कळत नाही, पण मुलावर अन्याय होतो आहे एवढे कळते. ते शाळेत जाऊन भांडतात आणि कर्टला संधी मिळवून देतात. दोघांनी सर्वांसमोर गायचे आणि क्लबातल्या मुलांनी कौल द्यायचा असे ठरते. दरम्यान बर्टना एक निनावी फोन येतो. मुलाच्या लैंगिकतेवरून कोणी तरी त्यांना अर्वाच्य बोलते. बर्ट हादरतात आणि कर्टला ते दिसते. स्पर्धा होते. तो सूर कर्टला लागत नाही आणि गाणे रेचलकडे जाते.

आता याचे सार एका वाक्यात लिहायचे आहे. बहुतेकांच्या लेखणीतून पहिल्या झटक्यात उतरणारे वाक्य असे असेल : 'अखेरच्या क्षणी कर्टचा सूर चुकला आणि रेचल जिंकली.' हे वाक्य खोटे म्हणता येणार नाही. क्लबातल्या मुलांना हेच दिसले, हेच ऐकू आले. पण थोड्याच वेळाने कर्ट वडिलांना सांगतो की तो सूर त्याने जाणूनबुजून सोडला. आपण सर्वांदेखत ते गाणे गायलो, तर तसले फोन पुन्हा येतील आणि वडिलांना पुन्हा ते भोगावे लागेल, हे त्याला नको होते. म्हणजे वाक्य बदलायला हवे : 'कर्टने सूर चुकवला.' मराठीने इथे फार मोलाची सोय करून ठेवलेली आहे. 'चुकला'मध्ये कर्ता सूर आहे. 'चुकवला'मध्ये कर्ता कर्ट आहे. शिवाय 'चुकवणे' म्हणजे टाळणेही. नजर चुकवावी तसा त्याने तो सूर चुकवला. एका अक्षराच्या फरकाने गायकाचा पराभव मुलाचा निर्णय होतो.

बरीच पुनर्कथने इथे थांबतात आणि या प्रसंगाला 'पित्यासाठी पुत्राने केलेला त्याग' असे नाव देतात. मालिकाही तेच सुचवते. पितापुत्रांचे ते दृश्य माईक ओ'मॅली आणि क्रिस कोल्फर यांनी इतक्या संयमाने केले आहे की पाहणाऱ्याचे डोळे भरून यावेत. पण डोळे भरून आले की प्रश्न विचारायचा राहून जातो. कर्टचा सूर चुकावा असे या कथेत कोणाला हवे होते? फोन करणाऱ्याला. या मुलाने आपल्याला वाटेल तसे, वाटेल तिथे उभे राहून गाऊ नये, हीच त्याची मागणी होती आणि ती पूर्ण झाली. त्याचे नाव कळत नाही, त्याला कोणी जाब विचारत नाही, तो कथेतून अलगद निसटतो. तेव्हा तिसरे वाक्यही शक्य आहे : 'कर्टला सूर चुकवायला लावले.' इथे कर्ट कर्तेपणावरून दूर होतो आणि ज्याला चेहराच नाही असा कोणी कर्ता पुढे येतो.

या तिन्हींतले खरे वाक्य कोणते? तिसरेच खरे म्हणावे, तर आपण कर्टकडून त्याचा निर्णय काढून घेतो. त्याला केवळ बळी ठरवतो, आणि तसे ठरवून घेण्याची त्याची मुळीच तयारी नाही. दुसऱ्यावर थांबावे, तर त्यागाच्या झळाळीत जुलूम दिसेनासा होतो. पहिले वाक्य क्लबाचे, दुसरे बापलेकांचे आणि तिसरे, लेखकाने न उच्चारलेले, प्रेक्षकाने उच्चारायचे. सारलेखकाने कोणते क्रियापद निवडले यावरून तो कोणाच्या शेजारी बसून ही गोष्ट पाहत होता ते कळते. आणि तरीही आपण म्हणतो की कथासारात मत नसते!

क्रियापदानंतर क्रम. सू सिल्व्हेस्टर ही मालिकेची खलनायिका. ती बेकीला संघात घेते तेव्हा विलला संशय येतो, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकालाही. दोरीवरच्या उड्या मारताना अडखळणाऱ्या बेकीवर सू खेकसते. विल तिला टोकतो. बेकीला इतर मुलींसारखेच वागवले जावे असे वाटते आणि मी तेच करते आहे, असे सू त्याला सुनावते. या भागाच्या शेवटाकडे सू एका शुश्रूषागृहात जाते. तिथे तिची मोठी बहीण जीन असते. जीनलाही डाउन सिंड्रोम आहे. सू तिच्याशेजारी बसून तिला गोष्ट वाचून दाखवते. आता एखाद्याने सारात लिहिले, 'जिच्या बहिणीला डाउन सिंड्रोम आहे अशी सू बेकीला संघात घेते', तर त्यातला एकही शब्द चुकीचा नाही आणि तरी सगळे वाक्य फसवे आहे. प्रेक्षकाने चाळीस मिनिटे सूविषयी जो गैरसमज बाळगला, तो गैरसमज हाच इथला आशय आहे. उत्तर आधी सांगणाऱ्या साराने तो पुसून टाकला. घटनाक्रम आणि कथनक्रम यांतला फरक आपण वर्गात फळ्यावर लिहून देतो. स्वतः सार लिहायला बसलो की तोच विसरतो.

आर्टीच्या सूत्रात प्रश्न आणखी अवघड होतो. आर्टीच्या अडचणीविषयी इतर मुले बेफिकीर आहेत असे पाहून विल त्यांना आठवडाभर रोज तीन तास व्हीलचेअरमध्ये बसायला लावतो. शेवटी सगळा क्लब व्हीलचेअरवर बसून 'प्राउड मेरी' गातो. याचे सार बहुधा असे लिहिले जाते : 'मुलांना आर्टीचे दुःख कळले.' कळले हे कशावरून? पडद्यावर आपल्याला एवढेच दिसते की मुलांना त्या खुर्च्या तालात वळवता आल्या. खुर्चीतून उठण्याची मुभा ज्याला आहे त्याचे तीन तास, आणि जो वयाच्या आठव्या वर्षी झालेल्या मोटार अपघातापासून उठलेला नाही त्याचे आयुष्य, यांच्यात 'कळले' हे क्रियापद घाईघाईने पूल बांधते. गंमत अशी की याच भागात एक प्रसंग तो पूल पाडतो. टीना ही अडखळत बोलणारी मुलगी आर्टीजवळ कबूल करते की तिचे अडखळणे हे सोंग होते. लोकांनी लांब राहावे म्हणून तिने ते घेतले होते. आर्टी दुखावतो. तिला जे उतरवून ठेवता आले ते त्याला उतरवता येणार नाही. हे छोटे दृश्य शेवटच्या दिमाखदार गाण्यावरची लेखकाने स्वतःच केलेली टीका आहे असे आम्ही मानतो. पण सारात जागा अपुरी पडली की आधी टीना वगळली जाते आणि गाणे राहते.

त्यातून आर्टीची भूमिका करणारे केव्हिन मॅकहेल स्वतः व्हीलचेअर वापरणारे नाहीत. बेकी आणि जीन या भूमिका करणाऱ्या लॉरेन पॉटर आणि रॉबिन ट्रॉकी या दोघींना मात्र डाउन सिंड्रोम आहे. हा भाग आला त्या सुमारास आर्टीच्या पात्रनिवडीवर अपंग कलावंतांनी आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. गाणे, अभिनय आणि पडद्यावरचे आकर्षण हे सारे एकत्र असलेला नट मिळणे फार कठीण होते, अशा आशयाचे उत्तर निर्मात्यांकडून आले. मे २०१०मधल्या 'ड्रीम ऑन' या भागात आर्टी स्वप्नात खुर्चीतून उठून नाचतो. त्या दृश्याने निर्मात्यांना नेमके काय हवे होते ते उघड केले. ही माहिती कथेच्या बाहेरची म्हणून सारातून गाळायची का? 'आर्टी खुर्चीत बसला आहे' असे लिहायचे की 'आर्टीला खुर्चीत बसवले आहे' असे? मराठी क्रियापद इथेही आपल्याला गप्प बसू देत नाही.

राहता राहिली गाणी. 'ग्ली'मधली बहुतेक गाणी आधीच लोकप्रिय झालेली आहेत. जुने शब्द, जुनी चाल, फक्त गाणारे तोंड नवे. आपल्या संगीत नाटकाची रीत याच्या उलट होती. किर्लोस्करांच्या काळापासून पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून एखाद्या परिचित गाण्याचा निर्देश छापला जाई, आणि जुन्या चालीवर शब्द नवे येत. दोन्हीकडे प्रेक्षकाला आधीची आठवण असते आणि नवा अर्थ त्या आठवणीशी घर्षण होऊन निघतो. म्हणून 'यानंतर कर्ट डिफायिंग ग्रॅव्हिटी गातो' एवढीच नोंद पुरेशी नसते. मुळात एका बंडखोर स्त्रीचे हे गाणे एका मुलाने मागितले, आणि मागून मिळाल्यावर शेवटच्या उंचीवर ते स्वतःच खाली सोडले, हे सांगितले तरच ते गाणे सांगितल्यासारखे होते. कोल्फर यांना शालेय जीवनात, मुलगा असल्यामुळे, हेच गाणे गाऊ दिले गेले नव्हते आणि त्या अनुभवावरून हे कथासूत्र रचले गेले, हे ध्यानात घेतले तर त्या सोडून दिलेल्या सुराला आणखी एक बाजू येते : नटाला जे हवे होते ते मिळाले, आणि पात्राने ते परत केले.

इतक्या चिरफाडीला ही मालिका पात्र आहे का, असे कोणी विचारील. ती विस्कळीत आहे, बऱ्याचदा भडक आहे, आणि याच भागात फिनने नोकरीसाठी अपंगत्वाचे सोंग घेण्याचा जो विनोद आहे तो आम्हाला बेचव वाटला. पण आमचा मुद्दा मालिकेच्या थोरवीचा नाही. चाळीसएक मिनिटांच्या एका विनोदी भागाचे सार लिहिताना जर इतक्या निवडी कराव्या लागत असतील, तर चारशे पानी कादंबरीचे सार आपण विद्यार्थ्याकडून दहा ओळींत कोणत्या भरवशावर मागतो? आणि तयार प्रश्नोत्तरांच्या पुस्तकांतून पाठ केलेले सार त्याने उतरवले, म्हणजे नेमके कोणाचे अर्थनिर्णयन त्याने आपले म्हणून लिहून दिले?

आमची सूचना साधी आहे. हा प्रश्न प्रश्नपत्रिकेतून काढू नये; त्याचे गुण वाढवावेत. एकाच कथेची पाच सारे वर्गात वाचावीत, प्रत्येकातली क्रियापदे अधोरेखित करावीत आणि प्रत्येक क्रियापद कोणाच्या बाजूचे आहे ते विचारावे. आमच्यापुरते 'व्हील्स'मधल्या तिसऱ्या सूत्राचे सार असे : एका निनावी फोनने बापाला जी जखम केली ती पुन्हा होऊ नये म्हणून लागत असलेला सूर मुलाने चुकवला, वर्गाला वाटले की तो चुकला, आणि फोन करणारा मोकळाच राहिला. यात आम्ही रेचलचे जिंकणे गाळले आहे. ते का गाळले हे विचारण्याचा वाचकांना पूर्ण अधिकार आहे.