सातशे चोपन्न पौंड कमी पडलेला संसार

मी इंग्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात काम करते. वय ४३. माहेर सांगलीकडचं. रोज रात्री पाळी संपायच्या आधी माझं एक ठरलेलं काम असतं. आमच्याकडे एक म्हातारं जोडपं आहे. दोघांच्या खाटा वेगळ्या, कारण दोघांनाही उचलायला यंत्र लागतं. पण आजोबांचा हात हातात असल्याशिवाय आजींना झोप येत नाही. म्हणून मी दोन्ही खाटा सरकवून एकमेकींना लावते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ज्या दिवशी माझ्या नवऱ्याचा व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं, त्या रात्रीही लावल्या. दुसऱ्यांच्या नवरा-बायकोला शेजारी निजवण्याचा मला पगार मिळतो. माझ्या नवऱ्याला माझ्या शेजारी आणायला मात्र तो पगार पुरत नाही.

मैत्रिणींनो, हे रडगाणं नाही. रडून झालं आहे. आता भांडायचं आहे, म्हणून लिहिते आहे.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या माणसाला परदेशातला नवरा किंवा बायको आणायची असेल, तर त्याची किमान कमाई ठरलेली आहे. २०१२ साली ती वर्षाला १८,६०० पौंड होती. ११ एप्रिल २०२४ पासून ती एकदम २९,००० केली. आता हिशोब करा. एप्रिल २०२५ मध्ये त्या देशाच्या सरकारनेच ठरवलेलं किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स होतं. आठवड्याला साडेसदतीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे काम केलं तर होतात २३,८०९ पौंड. म्हणजे एक सरकारी कायदा सांगतो की एवढ्या मजुरीत माणूस सन्मानाने जगतो, आणि त्याच सरकारचा दुसरा कायदा सांगतो की एवढ्या मजुरीत संसार करायची लायकी येत नाही! पूर्ण वेळ राबणाऱ्या बाईला हा सरळ सांगावा आहे : तू म्हाताऱ्यांची अंगं पूस, जेवण भरव, चादरी बदल, पण नवरा मागू नकोस.

मी तासाला १३ पौंड २० पेन्स मिळवते आणि आठवड्याला साडेसेहेचाळीस तास काम करते. रात्रपाळ्या, रविवार, नाताळ, सगळं धरून. त्यामुळे वर्षाचा हिशोब मर्यादेच्या वर जात होता. पण सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचे उतारे लावावे लागतात आणि त्यांची सरासरी काढतात. त्या सहा महिन्यांतच, डिसेंबर २०२४ मध्ये, मी तीन आठवडे बिनपगारी रजा घेतली होती. कशासाठी? लग्नासाठी! सहा महिन्यांचे झाले १४,१२३ पौंड. दुप्पट केले की २८,२४६. सातशे चोपन्न कमी पडले. लग्नाला गेले म्हणून नवरा आणता येत नाही, असा हा न्याय.

तूट शिलकीतून भरून काढता येते, असंही नियमात आहे. त्याचंही गणित ऐका. पहिले १६,००० पौंड धरतच नाहीत. त्यावर तुटीच्या अडीचपट रक्कम हवी. म्हणजे ७५४ पौंडांची तूट भरायला बँकेत १७,८८५ पौंड सहा महिने पडून असले पाहिजेत. ज्या बाईकडे एवढे पैसे पडून असतील, तिला तूट येईल कशाला?

माझा नवरा सांगलीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. चोवीस वर्षांचा हात आहे त्याचा. ऊसपट्ट्यातल्या विहिरींवरच्या किती मोटारी त्याने पुन्हा चालू केल्या असतील, याची गणती नाही. पण अर्ज परदेशातून केलेला असल्यामुळे त्याची कमाई शून्य धरली जाते. पहिली बायको आजारात गेल्यावर एकट्याने घर चालवलेला हा माणूस कागदावर कोण? ‘अवलंबून असणारा’. हा शब्द मी चांगला ओळखते. २००९ साली मी इथं आले ती पहिल्या नवऱ्यावर ‘अवलंबून असणारी’ म्हणूनच. तेव्हा दोन वर्षांची मुदत असायची. ती संपेपर्यंत लग्न टिकलं पाहिजे, तरच कायमचं राहता यायचं. नवऱ्याने हात उगारला की वर म्हणायचा, ‘एक पत्र लिहीन, आणि तू परत सांगलीच्या एसटी स्टँडवर.’ छळ झालेल्या बायकोला त्याआधीच कायमचं राहू देणारा नियम २००२ पासून होता. इथल्या बायकांच्या संघटनांनी, त्यात आपल्या देशातून आलेल्या बायका पुढे होत्या, लढून तो मिळवला होता. पण मला तो ठाऊक नव्हता. सांगणारं कोणी नव्हतं. मी दात आवळून दोन वर्षं काढली आणि मग घर सोडलं.

ती मुदत २०१२ साली दोनाची पाच वर्षं झाली. आणि आता तो दोर माझ्या हातात देऊ करतात! माझा नवरा आला, तर पाच वर्षं त्याचं इथलं राहणं माझ्या मर्जीवर. मला तो दोर नको आहे. बाईच्या हातात आला म्हणून दोराची माळ होत नाही.

पत्रातलं दुसरं कारण याहून झोंबणारं होतं. आमचं लग्न खरं आहे याबद्दल अधिकाऱ्याला शंका होती. का? तर फोटो थोडे, माणसं थोडी, विधी कसलेच नाहीत, आणि मी नवऱ्याचं नाव लावलेलं नाही. आम्ही सत्यशोधक पद्धतीने लग्न केलं. भटजी नाही, मंगळसूत्र नाही, मानपान नाही. चाळीस माणसांपुढे एकमेकांना वचन दिलं, आमटी-भात आणि शिरा केला, दुसऱ्या दिवशी महापालिकेत नोंदणी केली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, त्याला दीडशे वर्षं उलटून गेली. तरी एका परक्या कार्यालयातल्या माणसाला वाटतं की भारतातलं खरं लग्न म्हणजे घोडा, बँड आणि वाकलेली नवरी. गंमत बघा, आपल्याकडच्या सनातनी मंडळींचंही नेमकं हेच मत आहे! दोन टोकांची माणसं बाईला एकाच मापाने मोजतात.

हा संशय आजचा नाही. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची कौमार्य तपासणी झाली. ती लग्न करायला आली होती, आणि ‘खरी’ नवरी असेल तर कुमारिका असणार, हा त्यामागचा तर्क. बोभाटा झाला, तपासणी बंद झाली. पुढे १९८५ साली स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात अब्दुलअझीझ, काबालेस आणि बलकंडाली या तीन बायकांनी ब्रिटिश सरकारला हरवलं. त्या वेळी तिथं स्थायिक पुरुषाला बायको आणणं सोपं होतं, बाईला नवरा आणणं कठीण. सरकारचं म्हणणं, पुरुष आला की नोकरी मागतो, बायको आली की घरात बसते! न्यायालयाने सांगितलं, हा स्त्री-पुरुष भेदभाव आहे. मग सरकारने काय केलं? बायकांची वाट मोकळी केली नाही. पुरुषांची वाटही तेवढीच अडवली आणि म्हणाले, घ्या समानता. ‘लग्नाचा मुख्य हेतू इथं येण्याचा नाही हे सिद्ध करा’ हा कुप्रसिद्ध नियम जायला १९९७ साल उजाडलं. त्याच्या जागी १५ वर्षांनी पैशाचा नियम आला. पूर्वी शरीर तपासत, मग हेतू तपासला, आता पगार तपासतात. तपासणारा हात तोच.

कोणी म्हणेल, पैशाचा नियम बायका-पुरुष दोघांना सारखाच आहे. सारखा दिसतो, एवढंच. अर्धवेळ काम कोण करतं? मुलांसाठी, आजाऱ्यांसाठी तास कोण कमी करतं? म्हाताऱ्यांची सेवा, साफसफाई, स्वयंपाक ही कमी मजुरीची कामं कोणाच्या वाट्याला? कुंपणाची उंची सगळ्यांना सारखी, पण आम्हाला खड्ड्यात उभं करून उडी मारायला सांगतात. आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या, कामाच्या व्हिसावर आलेल्या मुलींचं तर विचारूच नका. ११ मार्च २०२४ नंतर सेवेच्या कामासाठी म्हणून आलेल्यांना नवरा आणि मुलंही आणता येत नाहीत. बाईचे हात हवेत, बाई नको.

सरकारला बोलून झालं. आता आपल्या माणसांना बोलते.

पत्र आल्यावर सांगलीतून पहिला फोन आला तो सांत्वनाचा नव्हता. ‘व्हिसाचं आमिष दाखवून नवरा मिळवलास, आता तोही हातचा जाणार,’ असं माझ्या सख्ख्या भावाने ऐकवलं. माझ्या नवऱ्याला दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर ‘घरजावई’ म्हणतात, पदर धरून विमानात बसायला निघालेला म्हणतात. इथल्या मराठी बायकाही मायेने विचारतात, ‘अगं, तूच का नाही परत जात?’ नवऱ्यामागे बायको आली नाही, तर त्या पुरुषाला हे कोणी विचारतं का? सोळा वर्षं मी इथं हाडं झिजवली, कर भरला, म्हातारपणाची तजवीज केली. ती बाईची आहे म्हणून सोडून देण्याजोगी? माझा नवरा यायला तयार आहे. आम्ही दोघांनी बसून ठरवलं आहे. दोघांनी ठरवणं म्हणजेच लग्न, असं मला वाटतं.

पत्रानंतर मी काय केलं ते सांगते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. पत्र मी तीन वेळा वाचलं आणि प्रत्येक कारण वहीत वेगळ्या पानावर लिहिलं. अपिलाला अठ्ठावीस दिवस होते. एका सल्लागार बाईंनी नीट समजावलं की संशयाला अपिलात उत्तर देता येईल, पण सरासरी खरोखरच कमी भरली आहे, आणि अपिलाची तारीख मिळायला महिनोन् महिने जातात. म्हणून नव्याने अर्ज करायचं ठरवलं. आरोग्य अधिभाराचे ३,१०५ पौंड परत मिळाले. अर्जाची फी १,९३८ पौंड, म्हणजे दोन लाखांवर रुपये, बुडाली. पुढचे सहा महिने मी एकही बिनपगारी दिवस घेतला नाही. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हाही गेले नाही. त्यांनी फोनवर सांगितलं, ‘तू येऊ नकोस, तुझे दिवस भर.’ दिवस भरणं हा शब्द आपल्याकडे बाळंतिणीसाठी वापरतात. त्या म्हातारीने तो माझ्या पगाराच्या स्लिपांना लावला. दुसरा अर्ज आता दाखल झाला आहे. निकाल काय लागेल, माहीत नाही.

ज्यांचे अर्ज अडकले आहेत त्या मैत्रिणींना हात जोडून चार गोष्टी सांगते. व्हिसा हातात पडेपर्यंत तिकडची नोकरी सोडू नका. लोक कितीही म्हणोत, ‘आता जायचंच आहे की’. पासपोर्ट, लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणि शाळेची प्रमाणपत्रं सासरच्या कपाटात ठेवू नका, स्वतःजवळ ठेवा, सगळ्याच्या नकला करून ठेवा. नकाराचं पत्र नवऱ्याने किंवा एजंटाने तोंडी सांगितलेलं मानू नका, स्वतः वाचा, नाही समजलं तर वाचून घ्या. पत्रातली तारीख आधी बघा, कारण अपिलाचे दिवस त्या तारखेशी बांधलेले असतात. आणि नकार म्हणजे तुमची नालायकी नव्हे. कित्येक मुली नकाराचा कागद लपवतात, माहेरी येऊन बसल्या की ‘टाकलेली’ म्हणवून घेतात. लाज कसली? नापास तुम्ही झालेल्या नाही, नियम झाला आहे.

आमची मागणी साधी आहे. पूर्ण वेळ काम करून कायद्याने ठरलेली मजुरी मिळवणाऱ्या कोणाही माणसाचा पगार संसाराला पुरेसा धरा. दोघांची कमाई धरा, येणाऱ्याचा हातचा कसब शून्य मानू नका. आणि नवरा असो की बायको, एकाचं राहणं दुसऱ्याच्या मर्जीला बांधू नका.

उद्या माझी रात्रपाळी आहे. आजींच्या खाटेचं एक चाक अडतं. ते ढकलताना मी रोज मनात एकच म्हणते, म्हातारे, तुझ्या वेळी तुला कोणी पगार विचारला नाही. माझ्यामागून येणाऱ्या पोरींनाही कोणी विचारता कामा नये. त्यासाठी तुम्ही-आम्ही बोलत राहिलं पाहिजे, मैत्रिणींनो, आणि आपापलं नाव घालून बोललं पाहिजे. माझं नाव मी आज घालत नाही, कारण अर्ज अजून टेबलावर आहे. यापेक्षा या नियमाविरुद्ध दुसरा पुरावा तो काय द्यायचा?